पत्र्याचा पावा

तळेगावच्या काच कारखान्यात गेनबाच्या फुंकरीला सगळे मान देत. कंदिलाच्या काचा फुंकायचं काम तो मिसरूड फुटल्यापासून करत आला होता. भट्टीतला लालबुंद रस लोखंडी नळीच्या टोकाला घ्यायचा, नळी फिरवत फिरवत फुंकायची, आणि फुगा साच्यात धरून एका दमात काच उतरवायची. दम मध्येच तुटला की काच वाकडी. गेनबाचा दम तुटत नसे. गाल टम्म फुगत, मानेच्या शिरा ताठ होत, पण काच साच्यातून मोकळी झाल्याशिवाय नळी तोंडातून सुटत नसे. शेजारचे कारागीर म्हणत, "गेनबा, तू घाटाच्या तोंडाशी उभा ऱ्हा. मुंबैची गाडी इंजनाबिगर वर यील."

अशा माणसाला दीड वितीचा एक पावा वाजवता येऊ नये, ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली.

हा पावा त्याला देहूरोडला मिळाला. तिथं लष्कराचा डेपो. गोरे निघून गेले तेव्हा त्यांचं उरलंसुरलं सामान लिलावात निघालं आणि पुढं कितीतरी वर्षं ते बाजारात फिरत राहिलं. बूट, मच्छरदाण्या, पाण्याच्या बाटल्या, खाकी पिशव्या. लोक त्याला डिस्पोजलचा माल म्हणत. एका रविवारी गेनबा ब्लँकेट घ्यायला म्हणून गेला होता. ब्लँकेट बांधायला दुकानदारानं एक जुनी खाकी पिशवी दिली आणि तिच्या तळाशी हा पावा खडखडला. पत्रा गुंडाळून केलेला, एका अंगाला सांधा, तोंडाशी लाकडी बूच, आणि वरच्या बाजूला सहा भोकं. काळा रंग बराचसा उडालेला. गेनबानं तो दुकानदाराला परत करायला पुढं धरला, तर तो सिंधी म्हातारा हसून म्हणाला, "ले जाओ, बच्चा बजाएगा."

गेनबाला एकच मूल होतं, सुमन, आणि ती अजून झोळीत निजत होती. पावा गेनबानं स्वतःसाठीच घेतला. त्याचं मूळ गाव इंदोरी. तिथं इंद्रायणीच्या काठाला मेंढरं घेऊन येणारा एक धनगर पावा वाजवायचा आणि लहानपणी गेनबा ओल्या कपड्यांनिशी ऐकत बसायचा. आपल्याला हे यावं असं त्याला तेव्हापासून वाटे. पुढं कारखाना लागला, लग्न झालं, आणि ते वाटणं मागं पडलं होतं.

घरी आल्या आल्या त्यानं पावा तोंडाला लावला आणि फुंकला. असा काही चीत्कार निघाला की झोळीतली सुमन दचकून रडायला लागली आणि समोरच्या घरातलं कुत्रं भुंकत बाहेर आलं.

"आरं, काय डुकराची मान कापतूस का काय?" आतून त्याची आई कुशाबाई ओरडली.

पुढं पंधरा-वीस दिवस तो रोज कामावरून आल्यावर झटत राहिला. बोटं बरोबर बसत होती. पण सूर म्हणून जो निघायचा तो किंचाळीच. पावा तसा साधा. हळू फुंकला तर खालचा सूर देतो, जोरानं फुंकला की उडी मारून वरच्या सप्तकात जातो. गेनबाला हळू फुंकताच येत नव्हतं. साऱ्या जन्माची सवय छातीतून दम लोटायची. कमी करायला जावं तर सूर पार विझून नुसता वारा सुटे. शेवटी त्यानं वैतागून पावा कोनाड्यात देवाच्या तेलाच्या बाटलीमागं टाकून दिला.

"बरं झालं," कुशाबाई म्हणाली.

त्याची बायको शालन झोळीला झोका देत होती. ती तशी कमीच बोलायची. चाकणकडच्या एका खेड्यातली, थोरल्या घरातून आलेली. सासूच्या हाताखाली तिचा दिवस चुलीपासून आडापर्यंत आणि आडापासून चुलीपर्यंत जाई. दुपारी मात्र कुशाबाई राममंदिरात पोथी ऐकायला जायची, तेवढा वेळ घरात शालन आणि झोळीतली पोर, दोघीच.

फाल्गुनात कारखान्यातली भट्टी दुरुस्तीसाठी थंड केली होती. त्या दिवशी कारागिरांना दुपारीच सोडलं. गेनबा उन्हातून घरी निघाला. आळीच्या तोंडाशी आला तर त्याच्या कानावर पावा आला.

तो थांबला. जात्यावरच्या ओवीची चाल होती. पण जात्याची घरघर नव्हती, गळा नव्हता, नुसती चाल. इतकी हलकी की बबनराव शिंप्याच्या दुकानातली मशीन चालू असती तर ऐकूही आली नसती. बबनराव जेवून आडवे झाले होते म्हणून आळी गप्प होती. गेनबाला वाटलं, कोणी धनगर आलाय. तो आवाजामागं चालत गेला आणि आपल्याच दाराशी येऊन पोचला.

दार लोटलेलं होतं. फटीतून त्यानं पाहिलं. शालन मागच्या उंबऱ्यावर बसली होती, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली. पायानं ती झोळी हलवत होती आणि पावा ओठाशी धरून वाजवत होती. गाल फुगलेले नव्हते. फुंकतेय की नुसता श्वास सोडतेय तेही कळत नव्हतं. ओवीत जिथं बायका गळा वळवतात तिथं तिचं बोट भोकावर अर्धंच सरकत होतं आणि सूर वळत होता.

गेनबाला आधी राग आला. आपली वस्तू, न विचारता! मग राग कुठल्या कुठं गेला आणि वाटलं, हिला हे कोणी शिकवलं? आणि मग, सगळ्यात शेवटी, मनात आलं, जे आपल्याला जन्मभर हवं होतं ते हिला उंबऱ्यावर बसून आलं.

तो पाऊल न वाजवता मागं फिरला. आळीच्या तोंडापर्यंत गेला, मोठ्यानं खाकरला, आणि वहाणा फरफटत परत आला. आत शिरला तेव्हा शालन तांदूळ निवडत होती. पावा तेलाच्या बाटलीमागं होता.

"आज लौकर?" ती म्हणाली.

"भट्टी बंद हाय," तो म्हणाला. 

दुसऱ्या दिवशी बबनरावांनी त्याला दुकानाच्या फळीवर बोलावून घेतलं. बबनराव राममंदिरातल्या भजनी मंडळाचे प्रमुख. शिवणाच्या कामापेक्षा त्यांचं टाळ-मृदंगात जास्त लक्ष.

"गेनबा, छुपा रुस्तुम हायेस गड्या! काल दुपारी काय वाजवलंस! मी पडल्या पडल्या ऐकत व्हतो. आन् कालच न्हवं, मागंबी दोन-चारदा कानावर आलंय. मला वाटलं तू नाद सोडलास."

गेनबाची पाळी कुठली, तो घरी केव्हा असतो, याचा हिशेब बबनराव कशाला ठेवतील? गेनबानं तोंड उघडलं होतं ते खरं सांगायला. पण फळीवर आणखी दोघं बसले होते, त्यांनी मान डोलावली. "ग्वाड हात हाय," त्यातला एक म्हणाला. आणि गेनबाच्या तोंडून निघालं, "शिकतोय आपलं."

एवढंच. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. पण गोष्ट आळीतून कारखान्यात गेली. भट्टीपुढं कारागीर म्हणू लागले, नळी फुंकून फुंकून गेनबाचा दम असा तयार झालाय की पावा त्याच्यापुढं काय! त्याला चहा मिळू लागला. कोणी विचारी, "आज काय वाजवणार?" आणि तो गालात हसे. घरी मात्र चकार शब्द काढला नाही. एकदोनदा त्याच्या मनात आलं, शालनला सांगावं. पण सांगायचं तर आधी ते दारातून पाहिलेलं सांगावं लागणार, म्हणून राहून गेलं.

फाल्गुन सरत आला. भजनी मंडळाची पेटी वाजवणारा मुरारी पिंपरीला गेला. तिथं नवा कारखाना झाला होता, त्याला नोकरी लागली आणि खोलीही तिकडंच मिळाली. पेटी त्याची स्वतःची, ती त्याच्याबरोबर गेली. रामनवमी तोंडावर. बबनराव दोन दिवस कपाळाला हात लावून बसले आणि तिसऱ्या दिवशी गेनबाच्या दारात आले.

"पेटी गेली तर गेली. तुझा पावा हाय की! रामजन्माच्या भजनाला तू सूर धर."

गेनबा म्हणाला, माझी पाळी असते. बबनराव म्हणाले, बदलून घे. गेनबा म्हणाला, अजून हात बसला नाही. बबनराव म्हणाले, मी ऐकलाय की. कुशाबाई दारात येऊन उभी राहिली. देवाच्या कामाला पोराला बोलावलंय म्हटल्यावर तिची छाती फुगली. "यील की! न यायला काय झालं?" असं तिनंच सांगून टाकलं. चुलीपुढं बसलेली शालन भाकरी थापत होती. तिचा हात थोडा थांबला आणि परत चालू झाला.

गेनबा पहाटे पावा घेऊन तळ्याच्या बांधाकडं जाऊ लागला. कारखान्याच्या आधी तासभर. बगळे उडून जात. परटाच्या गाढवानं एकदा कान टवकारून पाहिलं. बाकी काही जमलं नाही. रामनवमीला आठवडा उरला तेव्हा तो एका संध्याकाळी घरी आला, आई शेजारी गेलेली पाहिली, आणि पावा शालनपुढं ठेवला.

"हे कसं वाजिवत्यात?"

शालननं पावा त्याच्याकडं परत सरकवला. "मला काय ठावं?"

"म्या बघितलंय तुला. भट्टी बंद व्हती त्या दिशी. दारातनं."

तिनं दाराकडं एक नजर टाकली. मग म्हणाली, "मारणार का?"

"मारायचं आसतं तर तवाच मारलं आसतं. शिकव मला."

"आवं, मला कुटं शिकवाया येतंय? पोर निजंना म्हून एकदा फुंकून बघितलं. ती निजली. मग जागी व्हऊ न्हाई म्हून हळू हळू फुंकत गेले. तसंच आलं."

"म्हंजी कसं?"

शालननं झोळीकडं बोट केलं. सुमन निजली होती. "ती जागी व्हणार न्हाई असं फुंका. त्येवढंच."

गेनबानं पावा लावला. पहिल्याच फुंकेला सुमन चाळवली. शालननं झोळीला झोका दिला. "छातीतनं नगं. नुस्तं तोंडातलं वारं सोडा. ऊन ऊन दुधावर फुंकर घालतो तसं." त्यानं परत फुंकलं. एक सूर धरला गेला, खालचा, जाडसर, घोगरा. तो डोळे मिटून त्या सुरावर राहिला, आणि पुढचं बोट उचललं तोच पावा उडी मारून किंचाळला. सुमन जागी झाली.

ती दोघं तीन-चार संध्याकाळी अशी बसली. गेनबाला ओवीची पहिली ओळ यायला लागली, ती पण अडखळत. एकदा शालन हसली, आणि लग्नाला चार वर्षं झाली तरी ही दात दाखवून हसते हे आपण पाहिलं नव्हतं असं गेनबाला वाटलं. त्याच बळावर तो म्हणाला, "बबनरावाला वाटतंय का मीच वाजवतो."

"ठावं हाय मला."

"तुला कुणी सांगितलं?"

"आडावर सगळ्या सांगत्यात. शालन, तुझा मालक लई ग्वाड वाजवतो म्हणं! आन् हसत्यात."

"हसत्यात का?"

"दुपारच्याला बाप्ये कामावर आसत्यात. बायका घरात आसत्यात. कोण वाजवतंय त्ये त्यास्नी ठावं न्हाई व्हय?"

गेनबाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे इतके दिवस कारखान्यात चहा पीत होता तेव्हा आळीतल्या साऱ्या बायका आडावर हसत होत्या.

"मग तू काय म्हनली न्हाईस?"

"तुमचं नाव झालं तर माझं काय जातंय?" ती झोळी हलवत म्हणाली. मग दोरी सोडून म्हणाली, "पर इचारलं तरी आसतं एकदा."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर गेनबाला सोपं गेलं असतं.  रात्रभर तो कूस बदलत राहिला.

रामनवमीच्या तीन दिवस आधी बबनरावांच्या दुकानात तालीम ठरली. मशीन भिंतीकडं सरकवून सतरंजी टाकली होती. मृदंगवाला, चार टाळकरी, आणि मध्ये गेनबा पावा घेऊन. बबनरावांनी अभंग धरला. त्यांची पट्टी एक, पाव्याची दुसरीच. पेटीवाला पट्टी बदलू शकतो, पत्र्याच्या पाव्याला आहे ती पट्टी. बबनराव ओढूनताणून पाव्याच्या पट्टीत आले आणि म्हणाले, "हं, गेनबा." गेनबानं फुंकलं. घाबरल्या माणसाचा दम छातीतूनच येतो. असा चीत्कार उठला की रस्त्यावरून जाणारी बैलजोडी बुजली.

मृदंग थांबला. बबनरावांनी प्रेमानं विचारलं, "तब्येत बरी न्हाई का आज?"

मान हलवली असती तर सुटका होती. ताप आला, घसा बसला, रामनवमी होऊन गेली, संपलं. गेनबाला ते दिसत होतं. त्यानं पावा मांडीवर ठेवला.

"तब्येत बरी हाय, बबनराव. तुमी ऐकलं त्ये मी वाजवलंच न्हाई. माझी घरची वाजवती."

आधी एकजण हसला. मग गेनबाचा चेहरा पाहून हसू थांबलं. बबनरावांनी टाळ खाली ठेवले.

"मग इतकं दिस तोंडात काय धरलं व्हतंस?"

"चूक झाली."

"चूक झाली म्हणं! आता तीन दिसांवर आलंय. पेटीवाला कुटनं आणू?" बबनराव चिडले ते पेटीच्या काळजीनं. टाळकऱ्यांतला एक हळूच म्हणाला, "मग वहिनीलाच..." त्याला बबनरावांनी पुरतं बोलू दिलं नाही. "बाप्यांच्या भजनात बाईमाणूस कुटं बसवतोस? गप."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात व्हायचं ते झालं. नळी बायकोला दे, म्हणाले. तूच भाकरी थाप, म्हणाले. गेनबानं मान खाली घालून काचा फुंकल्या, त्या दिवशी एकही वाकडी गेली नाही. घरी त्याहून वाईट होतं. कुशाबाईला देवळातच कुणीतरी सांगितलं होतं. तिनं येऊन शालनला काय काय ऐकवलं ते आळीनं ऐकलं. खानदानाचं नाव, माहेरचं वळण, सगळं निघालं. गेनबा आला तेव्हा शालनचे डोळे सुजले होते आणि पावा कोनाड्यात नव्हता.

"कुटं हाय?" त्यानं आईला विचारलं.

"जळणात टाकला."

जळणाला अजून हात लागला नव्हता. गेनबानं लाकडांच्या ढिगातून तो काढला. थोडी धूळ लागली होती, बाकी धड होता. धोतराच्या सोग्यानं पुसून त्यानं तो परत कोनाड्यात ठेवला. पण आता बाटलीमागं नाही, पुढं.

रामनवमीच्या आदल्या दिवशी समोरच्या घरातली सगुणाबाई आणि तिच्यामागं चार-पाच बायका दारात आल्या. सगुणाबाई साठीची, आळीतल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं तिनं केलेली. तिच्यापुढं कुणी आवाज चढवत नसे. ती कुशाबाईच्या शेजारी ऐसपैस बसली.

"कुशे, भजन बाप्यांचं. पर पाळणा कुणाचा?"

"बायकांचा," कुशाबाई सावधपणे म्हणाली.

"मग पाळण्याला शालन पावा वाजवंल. आमी ठरिवलंय."

"देवाम्होरं? तोंडाला लावल्याली उष्टी वस्तू?"

"शंख काय कानाला लावून फुंकत्यात व्हय?"

बायका पदराआड हसल्या. कुशाबाई लाल झाली. "शंख बाप्या माणूस फुंकतो. गुरव. ही सून हाय माझी. उद्या लोक म्हनतील, तमासगिरीण ठेवलीया घरात."

"कोण म्हनंल त्येचं नाव सांग मला. त्येची नाळ म्याच कापली आसंल."

कुशाबाईनं गेनबाकडं पाहिलं. तिला वाटलं, पोरगा आपल्या बाजूनं बोलेल. आत चुलीजवळ शालन पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. गेनबाच्या लक्षात आलं की तिला जायचंय, आणि ते ती कधीच तोंडानं म्हणणार नाही. त्याला आठवलं, पर इचारलं तरी आसतं एकदा.

तो उठून आत गेला. "शालन, वाजवायचं हाय का तुला?"

सगळ्यांच्या देखत, सासूच्या देखत, असं विचारलेलं तिला नवीन होतं. तिनं मान खाली घातली, आणि मग स्पष्ट म्हणाली, "हाय."

गेनबा बाहेर आला. "आये, जाईल ती."

कुशाबाई तरातरा उठून मागच्या अंगणात गेली आणि संध्याकाळपर्यंत आत आली नाही.

रामनवमीला देऊळ भरलं होतं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये फुलांनी सजवलेला लाकडी पाळणा. बबनरावांनी पेटीशिवायच भजन म्हटलं, चांगलं म्हटलं. गेनबा पाळी बदलून आला होता. तो खांबाला टेकून उभा होता आणि बाजूचे दोघे त्याच्याकडं बघून एकमेकांना कोपरं मारत होते. सूर्य माथ्यावर आला, गुलाल उधळला, घंटा झाल्या, आणि सगुणाबाईनं पाळण्याची दोरी हातात घेतली.

शालन बायकांच्या मध्ये बसली होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर नीट घेतलेला. तिनं पावा ओठाला लावला आणि पहिलाच सूर उडी मारून किंचाळला.

पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली.  ती चूक आपल्याच तोंडून झाल्यासारखं वाटून त्यानं नकळत स्वतःचा दम रोखून धरला. शालननं पावा खाली घेतला. घाई केली नाही. पदरानं त्याचं तोंड पुसलं, भोकात साचलेला ओलावा झटकला, आणि तिच्यामागं आळीतल्या विमलबाईच्या खांद्यावर निजलेल्या सुमनकडं एकदा पाहिलं. मग परत पावा लावला.

या वेळी सूर आला तो इतका हळू की पुढच्या रांगांनाच कळलं. मागचे गप्प झाले ते काय चाललंय ते ऐकायला. पाळण्याची चाल सगळ्यांच्या ओळखीची. सगुणाबाईनं पहिली ओळ धरली, बाकीच्यांनी उचलली, आणि तेव्हा गेनबाच्या ध्यानात आलं की बायकांच्या गळ्याला पाव्याची पट्टी बरोबर बसते. कुणाला ओढून वर जावं लागत नव्हतं, कुणाला खाली यावं लागत नव्हतं. बायका थांबल्या की पावा तीच ओळ एकटा म्हणायचा, आणि त्यात शेवटच्या शब्दावर एक छोटंसं वळण घ्यायचा. दुसऱ्या कडव्याला ते वळण बायकांनीही घेतलं. तिसऱ्या कडव्याला मृदंगवाल्यानं न राहवून बोटांनी हलका ठेका धरला. बबनरावांनी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं, मग पाळण्याकडं पाहिलं, आणि पुढच्या समेला त्यांचे टाळही वाजले.

पाळणा संपला. सुंठवडा वाटला गेला. गेनबाला वाटलं होतं की मोठं काही होईल, पण तसं काही झालं नाही. लोक प्रसाद घेऊन आपापल्या घरी जेवायला निघाले. ज्यानं कोपर मारलं होतं त्यानंच गेनबाच्या हातावर आपल्यातला थोडा सुंठवडा ठेवला. बबनराव वहाणा शोधता शोधता म्हणाले, "त्ये वळण कुणाकडनं शिकली?"

"कुणाकडनं न्हाई. ओवीतलं हाय."

"हं," बबनराव म्हणाले. थोडं पुढं जाऊन परत आले. "बरोबर हाय. ओवीतलंच हाय."

कुशाबाई देवळात आली होती की नाही हे गेनबाला गर्दीत दिसलं नव्हतं. घरी आले तर ती पानं मांडत होती.  जेवणं झाली, शालन भांडी गोळा करू लागली, तेव्हा कुशाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "चौथ्या कडव्याला घाई केलीस. सगुणीला दम घ्यायाला जागा ठेवाया पायजे. म्हातारी बाई हाय ती."

"व्हय आत्याबाई," शालन म्हणाली. एवढ्यावर ते मिटलं असं मात्र नाही. पुढंही कुशाबाई अधूनमधून त्या पत्र्याला नावं ठेवायची. पण परत तो जळणात गेला नाही.

दिवाळीच्या सुमाराला भजनी मंडळानं वर्गणी काढून नवी पेटी आणली आणि बबनराव खुशीत आले. आळीतल्या बायकांना मात्र आता पाळण्याला पावा लागायला लागला. कुणाचं बारसं असलं की शालनला बोलावणं येई. आधी आळीतून आलं, मग स्टेशनाकडच्या वस्तीतून, आणि पुढच्या उन्हाळ्यात थेट सोमाटण्याहून. कारखान्यातल्या एका कारागिराच्या बहिणीचं मूल होतं. ज्यानं भाकरी थाप म्हटलं होतं तोच हा कारागीर. तो भट्टीपुढं येऊन जरा चाचरत म्हणाला, "वहिनीला पाठवशील का?"

"मला काय इचारतोस? तिला इचारून सांगतो," गेनबा म्हणाला.

ती जायला तयार झाली. सुट्टीचा दिवस होता, म्हणून गेनबाही गेला. बारशाला पुरुषांचं काम नसतं. तो बाहेर लिंबाखाली घरच्या माणसांबरोबर पान खात बसला आणि आतून येणारा पावा ऐकत राहिला. निघताना घरच्या बाईनं शालनला हळदीकुंकू लावून खणानारळानं ओटी भरली आणि वर म्हणाली, "आमच्याकडची एक वेगळी चाल हाय पाळण्याची. पुढल्या खेपेला ती घ्या." आणि तिथंच उभ्या उभ्या तिनं दोन ओळी म्हणून दाखवल्या.

परतीच्या वाटेला सुमन गेनबाच्या खांद्यावर होती आणि नारळ त्याच्या हातात. ऊन कललं होतं. शालन चार पावलं पुढं चालत ती नवी चाल तोंडातल्या तोंडात गुणगुणत होती, एका जागी अडत होती, परत मागून सुरू करत होती.

"तिसऱ्या ठिकाणी खाली उतरती ती," गेनबा मागून म्हणाला.

"न्हाई. वर जाती."

"आगं, खाली. म्या ऐकलं न्हवं का."

शालन थांबली. ओळ परत म्हणून पाहिली, आधी वर नेऊन, मग खाली उतरवून. "व्हय," ती म्हणाली. "खालीच." आणि ती पुढं चालायला लागली.